हृदयाच्या विसाव्यांतील रक्तप्रवाह

पेण तालुक्यांत धरमतरच्या खाडीकांठीं राहणाऱ्या माणसाला भरती समजावून सांगावी लागत नाहीं. समुद्राकडे गेलेलें पाणी ठरल्या वेळीं उलट वळून खारबंदिस्तीपाशीं येतें, हें तो लहानपणापासून पाहतो. आज ज्या उपचाराविषयीं मी बोलणार आहें, त्याची युक्ति कांहींशी अशीच आहे. त्याला 'बाह्य प्रतिस्पंदन' म्हणतां येईल. डॉक्टर मंडळी 'ईईसीपी' म्हणतात.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवितें तें आकुंचन पावतांना. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतें तें मुख्यतः विसावतांना. सर्वांना वाढून मग पानावर बसणाऱ्या गृहिणीचीच ही रीत! हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्या म्हणजे विसाव्याचा तो क्षण फार मोलाचा ठरतो.

या उपचारांत रुग्णाला निजवून पोटऱ्या, मांड्या व नितंब यांभोंवतीं हवेचे पट्टे बांधतात. हृदयाच्या विद्युत्-आलेखावरून यंत्राला वेळ कळते. हृदय विसावतांच पट्टे पोटऱ्यांपासून वर क्रमानें फुगतात व पायांतील रक्त हृदयाकडे रेटतात. पुढच्या आकुंचनापूर्वीं ते एकदम रिकामे होतात. त्यामुळें हृदयाचे श्रमहि हलके होतात. रोज १ तास, आठवड्याचे ५ दिवस, असे ७ आठवडे मिळून ३५ तास होतात.

पट्टे सुटल्यावरहि अनेकांचा आराम महिनोन् महिने टिकतो, तो कां? रक्तवाहिनीचें आंतलें अस्तर एकाच पेशीच्या जाडीचें असतें. त्यावरून प्रवाह वेगानें घासून गेला कीं तें नायट्रिक ऑक्साईड सोडतें व वाहिनी सैलावते. हा वायु शरीरांत निरोप्याचें काम करतो, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तंबाखू व मधुमेह यांनीं मंदावलेलें हेंच अस्तर पुन्हा कामाला लागत असावें, असें मानतात.

१९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील परीक्षेंत १३९ रुग्ण होते. कांहींना नांवापुरताच दाब दिला होता. खऱ्या दाबानें छातींतील कळा कमी झाल्या. मात्र व्यायामाचा एकूण काळ दोन्ही गटांत वाढला. तेव्हां 'शस्त्रक्रियेविना बायपास' ही जाहिरात मला तरी पटत नाहीं. अरुंद वाहिनी पट्ट्यांनीं मोकळी होत नाहीं. औषधें चालू असून कळा थांबत नाहींत आणि बायपास वा अँजिओप्लास्टी शक्य नाहीं, अशांसाठीं हा उपाय आहे. अचानक छातींत दुखून घाम फुटला, तर मात्र पट्ट्यांचा विचार न करतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

रोह्याच्या रुग्णाला यासाठीं पनवेल वा मुंबई गांठावयाची, म्हणजे ३५ खेपा, नाहींतर सात आठवडे नातलगांकडे मुक्काम. म्हणून निघण्यापूर्वींच हृदयरोगतज्ज्ञाला विचारून घ्यावें: महाधमनीची झडप गळते काय, तिला फुगवटा आहे काय, पायांच्या शिरांत गुठळी आहे काय, रक्तदाब आटोक्यांत आहे ना? यांतील एखादी अडचण निघाली, तर पट्टे बांधणेंच धोक्याचें ठरतें.