साहेब कोण, लीडर कोण?

कॉलेज फेस्टिव्हलमध्ये एक नमुना हमखास सापडतो. गळ्यात ‘हेड’चं कार्ड, कानाला फोन. कार्यक्रम रंगला की फोटोत सगळ्यात पुढे आणि माइक बंद पडला की, ‘ते साउंडवाल्या पोरांना विचारा!’ ओळखलंत ना? उद्या नोकरीला लागाल, तेव्हा हाच नमुना केबिनमध्ये बसलेला भेटेल. म्हणूनच पद आणि नेतृत्व यांतला फरक आत्ताच कळलेला बरा.

तो समजून घ्यायला मॅनेजमेंटचं जाडजूड पुस्तक नको. गणपतीला ज्या गाडीनं कोकणात जाता, तिचा रूळच पुरे आहे.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि त्याची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे आली. वय ५८, म्हणजे रेल्वेतून निवृत्तीचं. समोर काय होतं? रोह्यापासून मंगळूरपर्यंत सातशे किलोमीटरहून लांब मार्ग, सह्याद्रीचा कातळ, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून जवळपास दोन हजार पूल आणि वर कोकणातला पाऊस. एवढं काम एका माणसाच्या सहीसाठी अडलं असतं, तर आजही आपण एसटीच्या रांगेतच असतो.

त्यांनी मार्गाचे साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे भाग पाडले. प्रत्येक भागाला एक मुख्य अभियंता नेमला आणि जबाबदारीसोबत निर्णयाचे अधिकारही दिले. बघा हं, ग्यानबाची मेख इथंच आहे. काम वाटून देणारे पुष्कळ असतात, अधिकार वाटणारे थोडे. ‘तूच कर, पण प्रत्येक गोष्ट मला विचारून कर’ म्हणणारा माणूस टीम तयार करत नाही, हरकामे तयार करतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. कार्यालयांत उलटं चालणारं घड्याळ लावलेलं असे, काम संपायला किती दिवस उरले ते दाखवणारं. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना एकच आकडा दिसायचा. तरीही मुदत पुढे गेलीच. गोव्यात मार्गाला विरोध झाला. पेडण्याच्या बोगद्यात माती इतकी भुसभुशीत, की खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळायचं. या मार्गाच्या कामात अनेकांचे जीवही गेले. त्यांचं स्मारक रत्नागिरी स्टेशनवर आहे. उतरलात तर दोन मिनिटं थांबा. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग सुरू झाला.

खरी परीक्षा मात्र यशात नसते. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोचं बांधकाम कोसळलं आणि सहा जणांचा बळी गेला. तेव्हा दिल्ली मेट्रोचे प्रमुख श्रीधरनच होते. कंत्राटदाराकडे बोट दाखवणं सोपं होतं. त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कामाला लागले. राजीनाम्यानं गेलेले जीव परत येत नाहीत, हे खरंच. पण चूक झाली की साहेब आधी स्वतः पुढे होतो, एवढं दिसलं तरी हाताखालची माणसं चुका झाकत नाहीत, वेळेवर सांगतात. ज्या ऑफिसात चूक सांगायची भीती वाटते, तिथे छोटी चूक वाढत वाढत अपघातापर्यंत जाते.

आता तुमचं काय? तुम्ही अजून कुणाचे साहेब नाही, हे ठीकच. पण प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये चौघं असतातच. पुढच्या वेळी काम वाटताना निर्णयही वाटून द्या. प्रेझेंटेशन फसलं तर सरांसमोर ‘आमचं चुकलं’ म्हणा, ‘त्याचं’ नको. जमलं तर ज्यानं रात्र जागून काम केलं, त्याचं नाव आधी घ्या. आणि पहिल्या इंटरव्ह्यूत ‘काही विचारायचंय?’ असं म्हटलं, तर पगाराच्या आधी एवढंच विचारा, ‘इथे नवख्याच्या हातून चूक झाली तर काय होतं?’

उत्तर ऐका. शब्दांपेक्षा, उत्तर देण्याआधी समोरचा किती वेळ घुटमळतो, त्यावरून बरंच कळेल.