प्रलयानंतरचे गाव : आदिवासी कथनातील समाजाची पुनर्बांधणी

‘प्रलय’ हा शब्द आपण बहुधा भविष्यकाळात वापरतो. प्रलय येईल, जग बुडेल, उरलेली माणसे नव्याने सुरुवात करतील. पाश्चात्त्य प्रलयोत्तर कादंबरी बहुतेक वेळा याच काळरचनेवर उभी असते. मूलनिवासी लेखकांनी मात्र तिच्यातील क्रियापदाचा काळच बदलला.

कॅनडातील अनिशिनाबे समाजाचे लेखक वॉबगेशिग राइस यांची ‘मून ऑफ द क्रस्टेड स्नो’ (२०१८) ही कादंबरी पाहा. हिवाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडील एका वस्तीची वीज जाते, दूरध्वनी मुके होतात, धान्याची वाहने येईनाशी होतात. आयलीन ही वृद्धा तरुण नायकाला सांगते, की जगाच्या अशा अंतासाठी आपल्या भाषेत शब्दच नाही. गोरे आले, मूळ भूमीतून आपल्याला हुसकावले गेले, मुले हिरावून नेली गेली, त्या प्रत्येक वेळी आपले जग संपलेच होते. तरी आपण आहोत. (सारी कादंबरी त्या एका नसलेल्या शब्दात सामावली आहे, असे भाषेचा अभ्यासक म्हणून मला वाटते.) अखेरीस कुटुंबे ती वस्ती सोडून रानात जातात. शिकार, नाती, भाषा हे तुटलेले धागे तेथे पुन्हा हाती घ्यावयाचे आहेत. त्यामुळे या स्थलांतराला ‘नवी सुरुवात’ म्हणणे चुकीचे ठरेल.

मराठीत हा कथाप्रकार फारसा रुजलेला नाही. परंतु या दृष्टीने वाचावे असे एक पुस्तक ठाणे जिल्ह्याने दिले आहे : गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०, साहित्य अकादमी पुरस्कार १९७२). हे अनुभवकथन आहे, कादंबरी नव्हे. शिवाय लेखिका स्वतः वारली नाहीत. ही दोन्ही अंतरे वाचताना सतत ध्यानी ठेवावीत.

टिटवाळा म्हटले की आपल्याला गणपती आठवतो. आज कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत असलेल्या याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली आणि तिला काही वारली उपस्थित राहिले. मे महिन्यात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात झरी येथे सभा होऊन वेठबिगार नाकारण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथील गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले.

वारल्यांचा प्रलय कोणता, हे ‘लग्नगडी’ या शब्दातून कळते. लग्नासाठी सावकाराचे कर्ज घेतलेला वारली त्या कर्जापोटी त्याचा वेठीचा गडी होई. बायकोलाही त्याच्यासोबत राबावे लागे. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. म्हणजे समाज ज्या विधीतून स्वतःला पुन्हा पुन्हा घडवीत होता, त्याच विधीच्या दारात गुलामी बसलेली होती. त्यामुळे लग्नगडीची पद्धत मोडणे हा केवळ मजुरीचा प्रश्न राहत नाही; त्यातून विधी पुन्हा समाजाच्या मालकीचा होतो. पुनर्बांधणी या संज्ञेचा अर्थ मला येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

आपण पुस्तक वाचाल तेव्हा वारली पात्रांची वाक्ये वेगळी उतरवून घ्या. त्यांतील कोणती बोलीत आहेत, कोणती लेखिकेच्या प्रमाण मराठीत आली आहेत, आणि ‘आम्ही’ हे सर्वनाम प्रथम कोठे येते, ते प्रकरणासह नोंदवा.