आत पांढरे, बाहेर नक्षी

कॅसरोल म्हटले की आपल्याकडे पोळ्या गरम ठेवायचा डबा आठवतो. अमेरिकेत मात्र ते ओव्हनमध्ये ठेवायचे झाकणाचे खोलगट भांडे, आणि त्यात शिजणाऱ्या पदार्थालाही तेच नाव. जुनी नक्षीदार ‘पायरेक्स’ कॅसरोल तिथे हजारो लोक जमवतात. मला हा नुसता हौसेचा छंद वाटत नाही. बायकांनी रोज हाताळलेल्या वस्तूंचा इतिहास या मंडळींनी राखला आहे.

या इतिहासाची सुरुवातही एका तडकलेल्या कॅसरोलनेच झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या काचकारखान्यात जेसी लिटलटन हे भौतिकशास्त्रज्ञ काम करत. १९१३ मध्ये त्यांच्या पत्नी बेसी यांचे भांडे तडकले, तेव्हा त्यांनी कारखान्यातून बॅटरीच्या बरणीचे कापलेले बूड घरी आणले. बेसीबाईंनी त्यात केक भाजला. काच शाबूत राहिली! १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आले.

ती पारदर्शक बोरोसिलिकेट काच होती. संग्राहकांचा जीव जडला आहे तो दुधाळ ‘ओपल’ काचेवर. ही सोडा-लाइम काच उष्णतेच्या प्रक्रियेने कणखर केलेली असते. रंग फक्त बाहेरून देऊन भट्टीत पक्का करत, म्हणून आतली बाजू पांढरीशुभ्र. १९४० च्या दशकात पिवळा, हिरवा, लाल, निळा असा चार वाडग्यांचा संच आला आणि १९५६ मध्ये पहिल्या नक्ष्या: ‘पिंक डेझी’ आणि ‘स्नोफ्लेक’. पुढच्याच वर्षीची ‘बटरप्रिंट’ मला सर्वांत आवडते. शेतकरी जोडपे, कोंबडे, धान्याच्या पेंढ्या, सगळे एकाच फिरोजी रंगात. १९७२ च्या ‘स्प्रिंग ब्लॉसम ग्रीन’ला संग्राहक लाडाने ‘क्रेझी डेझी’ म्हणतात.

सणासुदीला किंवा लग्नाच्या आहेरासाठी खास नक्षीची कॅसरोल थोड्याच काळापुरती काढत. दुर्मीळ नमुने त्यांतच सापडतात. १९५९ चे ‘लकी इन लव्ह’, हिरवी पाने आणि गुलाबी बदाम असलेले, लिलावात हजारो डॉलरना गेले आहे. तरी किमतीपेक्षा अवस्था पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. झाकण मूळचे आहे का, काठाला टवका आहे का, आणि मुख्य म्हणजे रंगाची चकाकी टिकली आहे का. डिशवॉशरमध्ये वारंवार धुतलेले भांडे खडूसारखे निस्तेज होते आणि ती चकाकी पुन्हा आणता येत नाही.

आपला पायरेक्सच्या घराण्याशी संबंध आहे तो बोरोसिलमुळे. १९६२ मध्ये मुंबईत ही कंपनी कॉर्निंगच्याच काचकारखान्याच्या सहकार्याने उभी राहिली. आपल्या प्रयोगशाळांतली अनेक चंचुपात्रे तिथूनच आली.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एक विनंती. जुन्या वस्तूंच्या दुकानात असे भांडे हाती लागले तर घरी आणा, पण धुवा मात्र हातानेच, मऊ फडक्याने.