एका प्लॉटवर चार घरं

अमेरिकेतल्या अनेक शहरांत निवासी जमिनीच्या मोठ्या भागावर वर्षानुवर्षं एकच नियम होता: एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर. महागड्या जमिनीचा सगळा भार एकाच कुटुंबावर पडला, तर शिक्षिकेला किंवा नर्सला घर परवडणार कसं? ओरेगनच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये याच नियमावर घाव घातला. तत्कालीन सभापती टीना कोटेक यांनी कायदा लावून धरला. आता तिथे १०,००० हून अधिक वस्तीच्या शहरांत त्याच प्लॉटवर दोन दारं, दोन स्वयंपाकघरं असलेलं जोडघर चालतं. २५,००० च्या वर चार घरांपर्यंत. जमिनीची किंमत तेवढ्या घरांत विभागली जाते. पण परवानगी म्हणजे बांधकाम नव्हे. अगदी गरिबांच्या घरांसाठी सरकारला तिजोरी उघडावीच लागेल.