चिमणा स्पीकर, पण बसवायचा कुठे?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा दहाचाकी ट्रक चालवतो. सांगलीहून हळद भरायची, रात्री खंडाळ्याचा घाट उतरायचा आणि पहाटे वाशीच्या बाजारात गाडी लावायची, हा त्याचा नेम. मागच्या दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, ‘‘मामा, नवा टेप बसवलाय, पण तासाभरात डोकं दुखायला लागतं. बंद केला की डोळे मिटायला लागतात. काय करू सांगा.’’

मी आयुष्यभर आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्ती शिकवली. त्यामुळे घरात कुणाचा आवाज बिघडला की तक्रार माझ्याकडे येते. केबिनमध्ये चढून बसलो. माल चांगला होता, स्वस्तातला नव्हता. पण काचेच्या दोन बाजूंना जे खांब असतात, त्यांवर दोन ट्वीटर दुहेरी चिकटपट्टीने डकवलेले. उजवा थेट ड्रायव्हरच्या कानावर रोखलेला आणि डावा काचेकडे तोंड करून रुसून बसलेला.

ट्वीटर म्हटल्यावर तरुण मंडळींना समाजमाध्यम आठवेल. हा ट्वीटर त्याच्या कितीतरी आधीचा. मोठा स्पीकर ढोलाचा घुमका देतो, पण टाळेची किणकिण, बासरीतली फुंकर, निवेदकाच्या तोंडचे ‘स’ आणि ‘श’ त्याला नीट जमत नाहीत. ते काम रुपयाच्या नाण्याएवढ्या पडद्याच्या या चिमण्या स्पीकरकडे असतं.

आता गंमत पाहा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. ढोलाचा १०० हर्ट्झचा घुमका घेतला तर त्याची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब होते. ती सीटला, माणसाला, सामानाला वळसा घालून केबिनभर पसरते. १०,००० हर्ट्झची लाट मात्र साडेतीन सेंटिमीटरची. ती बॅटरीच्या झोतासारखी सरळ जाते. मध्ये पडद्याची झालर आली तरी मंदावते, काच आली तर उलटते. म्हणून मोठा स्पीकर दारात पायाशी असला तरी फारसं बिघडत नाही. ट्वीटरचं तोंड कुठे आहे, यावर मात्र सगळं अवलंबून.

दुसरी गोष्ट कानाची. १९४९ साली हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने दाखवलं की, एकच आवाज दोन ठिकाणांहून किंचित मागेपुढे आला तर जो आधी पोचतो, आवाज तिकडूनच आला असं आपल्याला वाटतं. भाच्याच्या केबिनमध्ये टेपने मोजलं (मोजायच्या टेपने, बरं का). उजवा ट्वीटर कानापासून ६० सेंटिमीटरवर, डावा दीड मीटरवर. फरक ९० सेंटिमीटरचा, म्हणजे सेकंदाचा साधारण चारशेवा भाग. एवढ्यावर सगळं गाणं उजव्या कानात गोळा होत होतं. डावीकडचं ऐकू यावं म्हणून तो आवाज वाढवायचा आणि उजवा कान आणखी सोलला जायचा.

यावरचा उपाय बाजारात तयार मिळत नाही, कारण प्रत्येक केबिन वेगळी. कित्येक ट्रकची केबिन तर बॉडी बांधणाऱ्याकडे घडते. म्हणून ट्वीटरची बैठक हातानेच करावी लागते.

आधी आम्ही काहीच कापलं नाही. नातीची खेळायची क्ले घेतली, तिच्या दोन गोळ्यांत ट्वीटर रोवले आणि डॅशबोर्डच्या दोन कोपऱ्यांत ठेवले. भाचा ड्रायव्हरच्या जागी बसला, ओळखीचं गाणं लावलं आणि मी तोंडं फिरवत राहिलो. लांबचा, म्हणजे डावा, थेट त्याच्याकडे. जवळचा मात्र त्याच्या कानाकडे नाही, तर दोन सीटच्या मधल्या जागेकडे. झोत बाजूने गेला की जवळच्याचा तिखटपणा कमी होतो. अर्ध्या तासाने गायिका उजव्या खिडकीतून उठून समोर आली. ‘‘मामा, हलवू नका!’’ असं तो ओरडला, तेव्हा कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजून घेतले.

मग दोन इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, वरचं तोंड त्या कोनात तिरकं कापलेलं. पाइपवर कागद गुंडाळून रेघ मारली की आरीपातं भरकटत नाही. तळाला १२ मिलिमीटर प्लायवूडची चकती, सांध्याला एम-सील. ट्वीटरची कड पाइपच्या कडेशी सपाट बसली पाहिजे, वर आलेली धार आवाज फोडते. बहुतेक घुमटाकार ट्वीटर मागून बंदच असतात. त्यांना खोक्याची गरज नसते, नुसता भक्कम आधार पुरतो. खाली स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा आणि नायलॉकचे नट, कारण साधे नट ट्रकच्या थरथरीत ढिले होतात. ग्लूगनच्या नादी लागू नका, उन्हात तो डिंक मऊ होतो. पॉलिश पेपर मारताना नाकाला फडकं बांधा. रंग काळा आणि बिनचमकीचा द्यावा. चकाकणारी वस्तू रात्री काचेत उमटते आणि समोरून दिवा आल्यासारखं वाटतं.

खांबावर का नाही, हे पण सांगतो. डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर असलेला खांब ७ सेंटिमीटरने रुंद झाला, तर २० मीटरवर झाकला जाणारा पट्टा २ मीटरने वाढतो. त्यात मोटारसायकल स्वारासकट मावते. गाण्यासाठी एवढी किंमत मोजायची नाही.

तारा उघडल्या तेव्हा आणखी दोन गोष्टी निघाल्या. एका ट्वीटरचा कपॅसिटर कुणीतरी काढून टाकला होता. ४ ओहमच्या ट्वीटरला मालिकेत १० मायक्रोफॅरडचा, धन-ऋण टोकं नसलेला कपॅसिटर लावला की सुमारे ४,००० हर्ट्झच्या खालचा भार कमी कमी होत जातो. तो नसेल तर घुमक्याने आतली कॉइल जळते. दुसरी गोष्ट गंभीर. ट्रकची वीज २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून केलेली. टेप १२ व्होल्टचा, म्हणून बसवणाऱ्याने एकाच बॅटरीवरून तार ओढली होती. असं केलं की ती बॅटरी उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, आणि शेवटी दोन्ही जातात. आम्ही २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणि फ्यूज बसवला.

उरला प्रश्न आवाज किती ठेवायचा. ८५ डेसिबल आठ तास, ही जगभर पुष्कळ ठिकाणी धरली जाणारी मर्यादा. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा, म्हणजे ८८ ला चारच तास. त्यात इंजिनाची घरघर आलीच. गोंगाटाने कान जातो तो आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास, नेमका ट्वीटरच्या मुलखात. मग माणसाला ट्वीटर कमी वाटतो, तो आणखी वाढवतो. भाच्याला एक खूण सांगितली. काचा वर असताना मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे, त्याच्या वर गाणं न्यायचं नाही.

आठवड्याने वाशीहून फोन आला. आधी आकडा तेवीसवर असायचा, आता चौदावर भागतं. डोकं दुखत नाही. एफएमवरच्या बातम्यांतला शब्दन् शब्द कळतो. मध्यम लहरींवर मात्र फरक जाणवत नाही, अशी तक्रार होतीच. तिथे आवाज साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास संपतो, ट्वीटरला कामच उरत नाही, असं मी सांगितलं.

‘‘आणि मामा, इथले चारजण तसलेच पाइप मागताहेत. कापून पाठवता का?’’

पाठवत नाही म्हणालो. ज्याला हवेत त्याने गाडी घेऊन यावं. क्ले नातीकडून परत मागून ठेवली आहे.