‘शारदा’चे वर्गाध्यापन : पनवेल परिसराच्या संदर्भात

शालेय वर्गात नाटक शिकविण्याची रूढ पद्धती म्हणजे उतारा मोठ्याने वाचणे, कठीण शब्दांचे अर्थ सांगणे व शेवटी स्वभावचित्रे लिहून घेणे. हिच्याऐवजी कृतीतून अध्यापन करावे, असे प्रतिपादन केंब्रिजच्या पर्स विद्यालयातील काल्डवेल कुक यांनी ‘द प्ले वे’ (१९१७) या ग्रंथात केले. पुढे डोरोथी हीथकोट यांनी शिक्षकानेच कथेतील एखादी भूमिका घेण्याचे तंत्र विकसित केले. मराठी रंगभूमीस ही कल्पना सर्वस्वी परकी नव्हे. गोविंद बल्लाळ देवल हे स्वतः नटांना तालीम देणारे नाटककार होते. मात्र तालमीचे साध्य प्रयोग असतो, वर्गातील नाट्यकृतीचे साध्य संहितेचा अर्थ लावणे हे असते. हा भेद न ओळखल्यास नाट्याध्यापनाचे पर्यवसान स्नेहसंमेलनात होते.

देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. पनवेल परिसरात ज्या मुलांच्या घरी आगरी बोलली जाते, त्यांना या नाटकातील भटाभिक्षुकांच्या घरची भाषा दूरची वाटणे स्वाभाविक आहे. अशा वर्गात द्रव्यलोभाने कन्या देऊ करणारा कांचनभट व लग्न जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित यांना साक्षीस उभे करावे. प्रश्न व उत्तरे प्रथम मुलांच्या बोलीत होऊ द्यावीत. प्रत्येक उत्तरास संहितेत आधार कोठे, हे मात्र दाखवावेच लागेल. दूरची भाषा येथे अडथळा न राहता पुरावा बनते.

खरी कसोटी विवाहप्रसंगाची. अंतरपाट धरलेला आहे अशा क्षणी वर्गाने स्थिरचित्र उभे करावे, आणि प्रत्येक पात्राने त्या क्षणीची आपली इच्छा एका वाक्यात सांगावी. त्यानंतरच पुढील संवाद वाचावा. कोदंड विवाह थांबवितो तो वराच्या वयामुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचे उघड करून! गोत्र भिन्न असते तर? हा प्रश्न शिक्षकाने विचारण्यापूर्वी मुलांनीच विचारला, तर पाठ सफल झाला असे समजावे. समाजास मुलीचे दुःख ऐकू येत नाही, शास्त्राचा आक्षेप ऐकू येतो. देवलांच्या रचनेतील हे मर्म स्वभावचित्रांतून क्वचितच हाती लागते. (१९२९ चा ‘शारदा कायदा’ हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो, नाटकाच्या नायिकेच्या नव्हे, हेही येथेच सांगून टाकावे.)

भुजंगनाथाचा विदूषक करण्याचा मोह मुलांना होतो. हशा पिकतो, पण वधूचे भय नाहीसे होते. म्हणून ही भूमिका आरंभी शिक्षकाने स्वतः घेणे श्रेयस्कर.

विषय केवळ भूतकाळातील नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाला होता. वर्गातील एखाद्या मुलीच्या घरी अशीच बोलणी चालू असणे अशक्य नाही. यास्तव शारदेची भूमिका कोणावरही लादू नये. ती मुलांनीही करावी, बालगंधर्वांनी केलीच होती. आणि तास संपण्यापूर्वी प्रत्येकास भूमिकेतून बाहेर येऊन स्वतःच्या नावाने बोलण्यास अवधी द्यावा.