यंत्र-सल्लागाराला कक्षेबाहेरचा प्रश्न ओळखण्यास कसे शिकवावे?

शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरे देणारे चॅटबॉट आता खेडोपाडी पोहोचले आहेत. केंद्र शासनाने २०२३ साली ‘किसान ई-मित्र’ सुरू केला. त्याचा आरंभ पी. एम. किसान सन्मान निधी योजनेविषयीच्या प्रश्नांपासून झाला. महाराष्ट्राच्या कृषी विभागाचे ‘महाविस्तार’ ॲप २०२५ साली आले. हापूसवरील तुडतुडे किंवा काजूवरील ढेकण्या यांविषयी सिंधुदुर्गातील बागाईतदाराला आता भ्रमणध्वनीवरून विचारता येते. हे साधन उपयुक्त खरे; परंतु अशा यंत्राला उत्तर देणे जितके शिकवावे लागते, तितकेच कोठे थांबावे हेही शिकवावे लागते. ते कसे शिकवितात, याची माहिती येथे दिली आहे.

यंत्र आपण होऊन का थांबत नाही?

चॅटबॉटच्या मुळाशी भाषा-मॉडेल असते. विपुल मजकूर वाचून, एका शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, हे ते शिकलेले असते. त्यामुळे कोणत्याही प्रश्नावर ते सुबक वाक्ये रचू शकते. अनुभवी कार्यकर्ता “हे माझे काम नव्हे, तुम्ही दवाखान्यात जा” असे सांगतो. यंत्राला ही मर्यादा उपजत नसते. ती उदाहरणांनी शिकवावी लागते. जो प्रश्न नेमून दिलेल्या कामात बसत नाही, त्यास कक्षेबाहेरचा प्रश्न म्हणावे.

चूक कोठे होते?

समजा, एक चॅटबॉट केवळ आंबा व काजू लागवडीसाठी तयार केला आहे. त्यास कोणी चित्रपटाविषयी विचारले, तर तो प्रश्न परका आहे हे ओळखणे सोपे असते. कठीण असतात ते बांधावरचे प्रश्न. पुढील तीन प्रश्न पाहावेत.

(१) “औषध मारताना घेरी आली, काय घेऊ?” कोकणात कीटकनाशकालाही औषधच म्हणतात. यातील शब्द फवारणीचे आहेत, पण प्रश्न विषबाधेचा आहे. येथे फवारणीचे प्रमाण सांगत बसणे घातक होय. फवारणी थांबवावी, औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे, रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा, एवढेच यंत्राने सांगावे.

(२) “काजीच्या बागेत गोचीड चावली, आता ताप इलो, काय करू?” माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात आढळला. २०१६ पासून दोडामार्ग व सावंतवाडी भागातही त्याचे रुग्ण सापडले. हा रोग गोचिडींमार्फत पसरतो आणि काजूच्या हंगामात बागेत व रानात वावरणाऱ्यांना त्याचा धोका असतो. हा प्रश्न बागेतून आला असला, तरी त्याची जागा प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे.

(३) “उद्या होडी काढू का?” मालवण किनाऱ्यावर अनेक घरांत बाग आणि मासेमारी दोन्ही चालतात. बागेसाठीचा पावसाचा अंदाज समुद्राच्या लाटांविषयी काही सांगत नाही. त्यासाठी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशाराच पाहिला पाहिजे.

शिकवण्याची रीत

प्रथम कक्षा लेखी ठरवावी: कोणती पिके, कोणती कामे, कोणत्या योजना. नंतर कक्षेतील प्रत्येक प्रकारच्या प्रश्नांचे अनेक नमुने द्यावेत. त्यांच्याबरोबर कक्षेबाहेरचे नमुनेही द्यावेत. त्यांत अगदी परके प्रश्न थोडे आणि वरीलप्रमाणे बांधावरचे अधिक असावेत. प्रत्येक नमुन्यापुढे योग्य उत्तरही लिहावे. नुसते “माहीत नाही” हे उत्तर अपुरे होय. विचारणाऱ्याने कोठे जावे, हे त्यात आले पाहिजे.

शेवटी, शिकवताना न वापरलेल्या प्रश्नांवर परीक्षा घ्यावी. अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ साली १५० प्रकारचे २२,५०० कक्षेतील आणि १,२०० कक्षेबाहेरचे प्रश्न जमवून अशीच परीक्षा घेतली. कक्षेतील प्रश्नांचे प्रकार यंत्रांनी चांगले ओळखले, परंतु बाहेरचे प्रश्न ओळखण्यात ती बरीच कमी पडली. म्हणून दोन्हींचे गुण वेगवेगळे मोजावेत. एकत्र सरासरी काढल्यास दोष झाकला जातो.

यंत्राची खात्री ठराविक मर्यादेपेक्षा कमी असेल, तर त्याने उत्तर देऊ नये, अशीही योजना करतात. मात्र तेवढ्यावर विसंबू नये, कारण यंत्र चुकीचे उत्तरही पुष्कळदा पूर्ण खात्रीने देते.

फाजील सावधपणाही दोषच

ही मर्यादा फार कडक केली, तर यंत्र कामाचे प्रश्नही परत पाठवू लागते. “हापूसात साको कित्याक पडता?” हा प्रश्न पूर्णपणे कक्षेतील आहे. फळे चौदा आणे तयार झाल्यावर काढावीत आणि उन्हात ठेवू नयेत, म्हणजे साक्याचे प्रमाण कमी होते, हे उत्तर मिळालेच पाहिजे. केवळ मालवणी बोली व ‘साका’ हा शब्द यंत्राने ऐकलेला नाही, म्हणून तो प्रश्न बाहेरचा ठरविणे हा शेतकऱ्यावर अन्याय होय. अनोळखी शब्द आणि अनोळखी विषय यांतील भेद यंत्रास शिकविला पाहिजे, आणि तो बोलीतील नमुन्यांवाचून शिकविता येत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. शेतकरी जसे विचारतात, तसेच प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत टिपावेत. नाव-गाव लिहू नये.

२. प्रत्येक प्रश्नापुढे ‘आपला’, ‘बाहेरचा’ किंवा ‘बांधावरचा’ अशी खूण करावी.

३. बाहेरच्या प्रश्नापुढे योग्य ठिकाण लिहावे: आरोग्य केंद्र, पशुवैद्यकीय दवाखाना, तलाठी किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालय.

४. यंत्राने चुकीचे उत्तर दिले किंवा रास्त प्रश्न नाकारला, तर तो प्रसंग वरिष्ठ कार्यालयास कळवावा.

शेतकरी बंधुभगिनींनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्तर झटपट व गोड भाषेत आले, म्हणजे ते बरोबरच असते असे नाही. शेतीची शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. जिवाशी संबंध असेल, तेथे मात्र यंत्राच्या उत्तराची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.